फाल्गुनातली गारपीट: घरातल्यांनी आधी, त्या दहा मिनिटांत आणि नंतर काय करायचं

त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे कुरडयांचा चीक शिजत होता. दुपारी एकपर्यंत गच्चीवर चार साड्या भरल्या. तीनच्या सुमारास जाऊबाई म्हणाल्या, "वारा एकदम पडला, पाहिलं का?" मी चहा टाकत होते, लक्षच दिलं नाही. पहिली गार साडीवर आपटली तेव्हा वाटलं, शेजारच्या पोरांनी खडा मारला. पुढच्या दहा-बारा मिनिटांत कुरडयांचा लगदा झाला, गोठ्याचे सहा पत्रे फुटले, बैल सोडायला धावलेल्या नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या डोक्याला खोक पडली आणि दीड एकर केळी आडवी झाली.

केळी वाचवणं आमच्या हातात नव्हतं. बाकीचं बरंचसं होतं. चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरात त्यानंतर कामांची वाटणी झाली आणि ती अजून चालते. कुणी काय करायचं हे ढग आल्यावर ठरवायला बसलं की सगळेच गच्चीकडे धावतात आणि म्हातारी माणसं गोठ्यात. ही वाटणी आणि त्यामागची कारणं इथे सविस्तर देते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही शेतकरी घराला ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

ढग कसा ओळखायचा

फेब्रुवारी ते एप्रिल हे आपल्याकडे गारांचे दिवस. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वादळी हवेचा पट्टा, सरकत असतो आणि वरच्या थरातली हवा थंड करतो. खाली अरबी समुद्राकडून, बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतं आणि जमीन तर दुपारी तापलेलीच असते. ही गरम, ओली हवा जोरात वर चढते. शून्याच्या खाली गेलं तरी ढगातलं सगळं पाणी लगेच गोठत नाही. ते थेंब बर्फाच्या कणावर आदळले की चिकटून गोठतात, आणि वर चढणारा झोत जोवर पेलतो तोवर गार मोठी होत राहते. एखादी गार कापून पाहा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारा पडत राहिल्या होत्या, तेव्हा गव्हाच्या वावरात पांढरी चादर पाहिलेली माणसं आमच्या गावात अजून त्याच दिवसांवरून वर्षं मोजतात.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा, दुपारनंतर फुलकोबीसारखा वर वर चढणारा ढग, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरलेला, तळ काळानिळा. मग वारा पडतो आणि थोड्या वेळाने अचानक थंड झोत येतो. तो अंगावर आला की हातात फार तर काही मिनिटं आहेत असं समजायचं.

मोबाईलवर हवामान खात्याचं 'मौसम' ॲप आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवा. दामिनी आपल्या आसपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं. आमच्याकडे ते बघायचं काम बारावीतल्या पुतणीकडे आहे, कारण फोन तसाही तिच्याच हातात असतो. जिल्ह्याला पिवळा इशारा असेल तर वाळवण घालायचं की नाही एवढाच विचार करायचा. नारंगी असेल तर घालायचंच नाही. सासूबाईंना हे पटायला दोन वर्षं गेली.

होळीच्या आधी उरकायची कामं

पहिलं काम पत्र्यांचं. जे-हुक सैल झालेत का, त्यांचे रबरी वायसर वाळून फुटलेत का, ते बघा. गारांबरोबर सुसाट वारा असतो आणि सैल पत्रा उडाला तर तो गारेपेक्षा वाईट. सिमेंटचे पत्रे गारांनी फुटतात, लोखंडी वाकतात पण सहसा तग धरतात. माणसांच्या झोपायच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे असतील तर निदान खाटेच्या वरची जागा तरी बदलून घ्या. धाब्याचं घर असेल तर गारांची भीती कमी, पाण्याची जास्त. वरच्या मातीला भेगा पडल्या असतील तर त्या आताच बुजवा, पावसाळ्याची वाट बघू नका, आणि पन्हाळीत अडकलेला कचरा काढा. गारा पन्हाळीच्या तोंडाशी साचतात, पाणी अडतं आणि भिंतीत मुरतं.

दुसरं, पीठ. वीज गेली की गिरणी बंद. फाल्गुनात आठ दिवसांचं पीठ घरात हवंच, त्यात निम्मं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं. कळण्याची भाकरी, ठेचा आणि डुबुकवड्या एवढ्यावर भाजीपाल्याशिवाय तीन दिवस निघतात. बेसन, मिरची, लसूण, तेल असलं की झालं. गॅसची भरलेली टाकी एक शिल्लक.

तिसरं, कापूस. भाव वाढेल म्हणून घरात रचून ठेवलेला कापूस आपल्याकडे मार्चपर्यंत कितीतरी घरांत असतो, तोही बरोबर पत्र्याच्या खोलीत. त्याच्याखाली लाकडी फळ्या टाका, वर ताडपत्री बांधा आणि त्या खोलीत रॉकेलचा दिवा, मेणबत्ती काही झालं तरी न्यायची नाही. बॅटरी न्यायची.

चौथं, एक पिशवी. जाड प्लास्टिकची, चेन असलेली. तिच्यात सातबारा, ई-पीक पाहणी केल्याची नोंद, आधार, बँकेचं पासबुक, विम्याची पावती, शेतकरी ओळख क्रमांक, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहिलेला कागद आणि या दिवसांत दहावी-बारावीचं हॉलतिकीट. आमच्या पुतणीचं हॉलतिकीट त्या दिवशी खिडकीशी पुस्तकात होतं. इस्त्री फिरवून वाळवलं, शिक्का पसरला होता पण चाललं.

ढग दिसल्यावर

कामांची वाटणी अशी आहे. जनावरं भाऊजी आणि माझे मालक बघतात. वाळवण आणि गच्ची मी आणि जाऊबाई. मुलं आणि नाना सासूबाईंकडे. होय, नानासुद्धा मुलांतच. सत्तरी ओलांडलेला माणूस बैलासाठी गारांत धावणार हे धरूनच चालायचं, म्हणून त्यांना आत बसवायची जबाबदारी एकाच माणसाची. सासूबाई ढग दिसला की पहिला हुकूम सोडतात, "नानाले आधी घरमा लई या!"

जनावरं झाडाखालून सोडवून पक्क्या आडोशाला आणा. निंबाखाली बांधलेली बैलजोडी विजेने जागीच जाते, हे दर वर्षी कुठे ना कुठे होतं. गोठ्यात बांधताना दावं आखूड नको आणि सरकणारा फास अजिबात नको. पत्र्यावर गारांचा आवाज झाला की जनावर बिथरतं आणि स्वतःलाच आवळून घेतं. शेळ्या, वासरं घरात घेतली तरी चालतील. लेंड्या नंतर झाडता येतात.

गच्चीवर दोघींनी जायचं आणि साडी चारही कोपरे धरून तशीच गोळा करायची. कुरडया एकेक उचलत बसायचं नाही. बिबड्या (ज्वारीचे पापड) अर्ध्या वाळल्या असतील तर साडीसकट गुंडाळून आत टाका, चुरा झाला तरी तळता येतो. विजेचा कडकडाट आणि लखलखाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वाळवण सोडून खाली यायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि वीज तेवढ्या लांबवर सहज पडते. नंदुरबारकडे मिरचीच्या पथारींवर ढग आला की माणसं ताडपत्री घेऊन धावतात, त्यांनाही हाच हिशेब लागू.

मोटारसायकल शेडमध्ये, चारचाकी असेल तर काचेवर जुनी गोधडी टाकून दोरीने बांधा. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टरचे प्लग काढा. टाकी आणि सगळे हंडे भरून घ्या, कारण नंतर मोटार चालणार नाही. वीज असेपर्यंत फोन चार्ज होऊ द्या, मग काढून घ्या. घरातला एक फोन पूर्ण बंद करून ठेवायचा. टॉवरची बॅटरी काही तासांनी संपते, पण रेंज परत आली तेव्हा कुणाच्या तरी फोनमध्ये जीव हवा.

वावरात असाल आणि घर लांब असेल तर पक्की विहिरीवरची खोली गाठा. ती नसेल तर झाड, विजेचा खांब, उघडे लोखंडी पाईप यांपासून लांब, खोलगट जागी उकिडवे बसा. डोक्यावर घमेलं, पाटी, गोणपाटाची जाड घडी, जे असेल ते धरा. लिंबाएवढी गार ताशी चाळीस-साठ किलोमीटर वेगाने येते. नानांना लागली ती त्याहून लहान होती. रस्त्यावर असाल तर नाल्याच्या पुलाखाली थांबू नका. आपल्याकडचे कोरडे नाले सातपुड्यात पाऊस झाला की न सांगता वाहतात.

त्या दहा मिनिटांत

घराच्या मधल्या खोलीत बसा, खिडकीपासून लांब, शक्यतो स्लॅबखाली. स्लॅब नसेल तर मुलांना खाटेखाली किंवा लाकडी पलंगाखाली घाला आणि वर गाद्या टाका. नळाला, मोरीतल्या लोखंडी पाईपला हात लावायचा नाही. पडवीत उभं राहून व्हिडिओ काढायची फार हुक्की येते. व्हिडिओ लागणारच आहे, पण तो दाराच्या आतून काढा.

मुलं घाबरतात ती आवाजाने. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आमच्या सासूबाई तेव्हा लहानग्याचे दोन्ही कान तळव्यांनी झाकतात आणि त्याला गारा मोजायला सांगतात. तो शंभरच्या पुढे गेला की चुकतो, मग पुन्हा एकपासून. एवढ्यात गारा संपतात.

थांबल्यावर

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही. हे सांगायला सोपं आहे, प्रत्यक्षात दोन मिनिटांत सगळे अंगणात असतात. निदान एकाने दारात उभं राहून बाकीच्यांना आवरावं.

बाहेर पडताना पायात चप्पल-बूट, हातात बॅटरी, नजर वर. तुटलेली तार जमिनीवर असेल तर तिच्यापासून दहा मीटर लांब राहा, जनावरंही लांब ठेवा, आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. 'लाईट गेलेली आहे, म्हणजे तार मेलेली आहे' हा अंदाज जीव घेतो. मधल्या वेळात कुठून तरी लाईन चालू होते. कपडे वाळत घालायची तार आणि तारेचं कुंपणही संशयाने बघा, त्यावर वीजवाहक तार पडलेली असू शकते.

सौर पंपाच्या पॅनेलना हात लावू नका. पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने करतात, त्याहून मोठ्या गारांनी काच तडकू शकते, आणि तडकलेलं पॅनेल उजेड असेपर्यंत वीज देतच राहतं. फुटलेले सिमेंटचे पत्रे उचलण्याआधी त्यावर पाणी मारा, नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. तुकडे जाळायचे नाहीत, ठेचायचे नाहीत.

डोक्याला मार असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. गार कापडात गुंडाळून शेकायला अंगणात मिळतेच. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, नाका-कानातून रक्त, यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन. काही न दिसलं तरी त्या रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून नाव विचारायचं. नाना तिसऱ्या वेळी वैतागून म्हणाले, "माझं नाव तुझ्या सातबाऱ्यावर आहे, वाच."

मुलं गारा गोळा करून खाणारच. आम्हीही खाल्ल्यात. जमिनीवरच्या नकोत, पेल्यात झेललेल्या एक-दोन असू द्या. त्याआधी एक काम त्यांच्याकडूनच करून घ्या: सगळ्यात मोठी गार, तिच्याशेजारी दहा रुपयांचं नाणं, आणि फोटो. वितळण्याआधी.

पहिली रात्र

मार्चमध्ये दुपारी घामाघूम करणारी हवा गारांनंतर संध्याकाळी थंडगार होते आणि अंथरुणं तर ओली. अशा वेळी कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव बंद खोलीत आणायचा मोह होतो. आणू नका. कोळशाच्या धुराला वास नसतानाही त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. कोरडी गोधडी, सुके कपडे, सगळ्यांनी एका खोलीत झोपणं पुरतं. ओली अंथरुणं आत ओढू नका, पडवीत दोरीवर टाका.

फ्रिज उघडायचा नाही. बंद राहिला तर आतलं चारेक तास टिकतं. दूध लगेच तापवा. विहिरीत वरचं गढूळ पाणी उतरलं असेल तर पिण्याचं पाणी उकळा. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीकडून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या.

रात्री घरातला कर्ता पुरुष बोलत नाही. आमच्याकडे भाऊजी बाजेवर आढ्याकडे बघत पडले होते. या रात्री कर्जाचा हिशेब, लेकीच्या लग्नाचा खर्च, 'आता कसं होणार' यांतलं काहीही काढायचं नाही. कुणीतरी जवळ बसायचं, जेवायला वाढायचं. आणि हे स्पष्ट लिहिते: फवारणीच्या औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या बाईकडे. माणूस फारच गप्प झाला, झोपेनासा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या दिवसापासून: वावर आणि कागद

आमची सगळ्यात महाग चूक इथे झाली. केळी आडवी बघून पहाटेच माणसं लावली, खोडं कापून बांधावर टाकली. दोन दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा वावर साफ. नुकसान किती टक्के लिहायचं यावर वाद झाला आणि चूक आमचीच होती. पंचनामा होईपर्यंत पीक हलवू नका. हलवायलाच लागलं तर आधी फोटो.

फोटो असे: पहिला लांबून, त्यात बांध, विहीर, शेजारचं झाड अशी ओळखीची खूण. मग जवळून फुटलेली पानं, मोडलेला घड, गव्हाची झडलेली ओंबी. एका कागदावर गट नंबर, पीक, तारीख ठळक लिहून तो कागद प्रत्येक फोटोत धरा. फोनमध्ये ठिकाण आणि वेळ चालू असू द्या.

सकाळीच तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना आणि कृषी सहायकांना, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना फोन करून वर व्हॉट्सॲपवर लेखी कळवा. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही आणि मग दारात पडलेली केळीही कागदावर नसते. पाहणी हंगामातच करून टाका.

विमा हा वेगळा रस्ता आहे. पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं असं होत नाही. तुमच्या विम्यात गारपीट धरलेली असेल तर ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर किंवा १४४४७ वर स्वतः कळवावं लागतं आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा लागतो. केळीसारख्या फळपिकाचा हवामान आधारित विमा आणि गहू-हरभऱ्याचा विमा या दोन वेगळ्या योजना आहेत. कुठली जोखीम आत, कुठली बाहेर, हे हंगामागणिक बदलत आलंय, म्हणून विमा उतरवताना पावती वाचा. फोन लागत नाही तोवर पुन्हा पुन्हा लावायचं काम आमच्याकडे पुतणीचं. परीक्षा असेल त्या दिवशी माझं.

जनावर दगावलं असेल तर पुरायची घाई नको. १९६२ वर पशुवैद्यक बोलवा, शवविच्छेदनाचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो लागतो. ओला, बुरसटलेला कडबा जिवंत जनावरांनाही देऊ नका, पोट फुगतं. पेंढ्या सुट्या करून उन्हात उभ्या करा.

पिकाचं थोडक्यात. वावरातलं साचलेलं पाणी सगळ्यात आधी काढून द्या. आडवा गहू बांधून उभा करायचा खटाटोप नको. कापलेला हरभरा ओला असताना मळायचा नाही, ढीग उलटापालटा करून सुकू द्या. पंचनामा झाला की केळीची लोंबणारी फाटकी पानं काढा आणि जखमांवर बुरशी चढू नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड दहा लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मारा, पण पानं कोरडी झाल्यावर. पडलेल्या खोडांवरचे भरत आलेले घड वेफर्सवाल्यांकडे जातात. भाव पडलेला असतो, तरी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गाडी भरली तर निदान व्यापारी बांधावर येतो. झडलेल्या कैऱ्यांचं त्याच संध्याकाळी आमसूलासारखं वाळवण करा किंवा तक्कू करा, दुसऱ्या दिवशी डागाळतात.

कुरडयांसाठी मात्र घाई करायची नाही. गारांनंतर तीन-चार दिवस आभाळ पुन्हा भरतं आणि ओल्या हवेत वाळवणाला वास येतो. ॲपवर सलग तीन दिवस कोरडे दिसले की आदल्या रात्री जाऊबाई भिजवलेले गहू वाटायला काढतात. भिजवायला ते तीन दिवस आधीच घातलेले असतात, तेव्हा ढग नव्हता म्हणून. मध्येच आभाळ आलं तर पाणी रोज बदलत राहायचं, गहू आणखी एक-दोन दिवस थांबतात.